एंट्री-लेव्हल डीएसएलआर की सुपरझूम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला 'खरा' कॅमेरा घ्यायचा ठरला की बहुतेक जण या दोन नावांपाशी येऊन अडतात. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा; सुपरझूम काय ते पुढे येतंच. मी दोन्ही प्रकारचे कॅमेरे बरीच वर्षं वापरतो आहे आणि ओळखीतल्या अनेकांना खरेदीच्या वेळी सल्लाही दिला आहे. त्यातून पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे माझं मत ठाम आहे तिथे ते तसंच लिहिलं आहे.

एका वाक्यात सांगा, कोणता घेऊ?

आधी मागच्या वर्षभरातले तुमचे फसलेले फोटो काढून बघा. ते का फसले? समोरची गोष्ट लांब होती म्हणून ठिपक्याएवढी आली, की उजेड कमी होता म्हणून फोटो हलला आणि रवाळ झाला? अंतर आडवं येत असेल तर सुपरझूम घ्या, अंधार आडवा येत असेल तर डीएसएलआर. खालची बाकीची सगळी उत्तरं या एका निवडीभोवतीच फिरतात.

सुपरझूम म्हणजे नेमका कोणता कॅमेरा? ब्रिज कॅमेरा वेगळा असतो का?

लेन्स कायमची जोडलेली आणि झूम साधारण ३० पटींच्या वर, असा कॅमेरा म्हणजे सुपरझूम. त्याचे दोन आकार मिळतात. एक खिशात मावणारा, उदाहरणार्थ कॅननचा एसएक्स७४० एचएस: ४० पट झूम, वजन सुमारे ३०० ग्रॅम. दुसरा दिसायला डीएसएलआरसारखा, हाताला पकड देणारा आणि डोळा लावायला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असलेला. या दुसऱ्यालाच ब्रिज कॅमेरा म्हणतात. कॅननचा एसएक्स७० एचएस ६५ पट, निकॉनचा पी९०० ८३ पट आणि पी१००० तब्बल १२५ पट झूम देतो. पी१००० चं वजन १४०० ग्रॅमच्या वर जातं, त्यामुळे त्याला कॉम्पॅक्ट म्हणवत नाही.

बाहेरून डीएसएलआरसारखा दिसला म्हणून तो आतूनही तसाच असेल, असं समजू नका. दुकानात सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो.

डीएसएलआरला किती एक्स झूम असतो?

फोकल लेंग्थ म्हणजे लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा; एकाच कॅमेऱ्यावर तो जितका मोठा, तितकी गोष्ट जवळ दिसते. एक्स म्हणजे लेन्सच्या सर्वात लांब आणि सर्वात आखूड फोकल लेंग्थचं गुणोत्तर. डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स या हिशेबाने जेमतेम ३ एक्स भरते. पण एक्स हा आकडा 'किती जवळ आणतो' हे सांगतच नाही. ६०० मिलिमीटरच्या प्राइम लेन्सला झूम मुळीच नसतो, तरी ती लांबचा पक्षी चौकटीत भरून दाखवते.

तुलना करायची असेल तर दोन्हीकडे '३५ मिलिमीटरच्या हिशेबात फोकल लेंग्थ किती' एवढंच विचारा, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात आणलेला आकडा. पी९०० मध्ये ती २४ ते २००० आहे. डीएसएलआरच्या किट लेन्सचं लांबचं टोक निकॉनवर सुमारे ८२ आणि कॅननवर सुमारे ८८ येतं.

हे आकडे डोळ्यांसमोर आणून बघू. १०० मीटरवर एक बगळा उभा आहे, उंची सुमारे ९० सेंटीमीटर. ८२ मिलिमीटरला चौकटीची रुंदी त्या अंतरावर जवळजवळ ४४ मीटर होते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत बगळ्याच्या वाट्याला उंचीत सव्वाशे पिक्सेल येतात. २००० मिलिमीटरला तीच चौकट १.८ मीटर रुंद असते, आणि कॅमेरा आडवाच धरला तरी बगळा चौकटीची जवळपास पाऊण उंची व्यापतो. डीएसएलआर घेऊन पहिल्यांदा पक्षी टिपायला गेलेला माणूस घरी आल्यावर हिरमुसतो, त्याचं कारण हेच.

एवढ्याशा कॅमेऱ्यात २००० मिलिमीटरची लेन्स मावते कशी?

ती खरी २००० मिलिमीटरची नसतेच. पी९०० च्या लेन्सची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ ४.३ ते ३५७ मिलिमीटर आहे. बाकीची करामत सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, आकाराची.

सुपरझूममधला नेहमीचा सेन्सर १/२.३ इंचाचा म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात तो सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. एंट्री-लेव्हल डीएसएलआरमध्ये एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो: निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननमध्ये २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर डीएसएलआरचा सेन्सर १२ ते १३ पट मोठा भरतो. लेन्स जे चित्र पाडते त्यातला अगदी मधला बारीक तुकडाच छोटा सेन्सर टिपतो, आणि तो तुकडा मोठा करून दाखवला की गोष्ट खूप जवळ आल्यासारखी दिसते.

मग डीएसएलआरच्या फोटोतून मधला तुकडा कापून घेतला तर तेच होणार नाही का? हा प्रश्न रास्त आहे. निकॉनच्या डीएसएलआरला ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर हिशेबात ४५० मिळतात. तिथून कापत कापत २००० ला पोहोचलात तर २४ मेगापिक्सेलपैकी हातात सव्वा मेगापिक्सेलही उरत नाही. पी९०० त्याच दृश्याला १६ मेगापिक्सेल देतो. छोट्या सेन्सरचे पिक्सेल कितीही बारीक म्हटले तरी भर उन्हात हा सामना डीएसएलआर हरतो.

मग सेन्सर मोठा असण्याचा फायदा काय?

प्रकाश. फोटो प्रकाशाने बनतो. मोठ्या पातेल्यात जास्त पाऊस साठतो, तसा मोठ्या सेन्सरवर तेवढ्याच वेळात जास्त प्रकाश गोळा होतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) आणि शटर (प्रकाश किती वेळ आत येतो ते) सारखे ठेवले तर एपीएस-सी सेन्सरला १/२.३ इंचापेक्षा १२-१३ पट प्रकाश मिळतो. फोटोग्राफीच्या भाषेत हा फरक साडेतीन स्टॉपच्या वर जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). सुपरझूमवर आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) ४०० ला जो रवाळपणा दिसू लागतो, तो डीएसएलआरवर साधारण आयएसओ ५००० पर्यंत लांबतो.

भर दुपारी मोकळ्या मैदानात हा फरक तुम्हाला बहुधा दिसणार नाही. तो दिसतो संध्याकाळी, घरात, सभागृहात, दाट झाडीत. छोट्या सेन्सरचा कॅमेरा रवाळपणा झाकायला चित्र गुळगुळीत करतो आणि त्यात केस, पिसं, कापडाचा पोत असा सगळा बारीक तपशील पुसला जातो. चेहरा मेणाचा वाटायला लागतो. मला वैयक्तिकरीत्या रवाळ फोटो चालतो, मेणाचा चेहरा चालत नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅपर्चरची. ते एफच्या आकड्यात सांगतात: आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. बऱ्याच सुपरझूमचा 'एफ २.८' हा आकडा आकर्षक वाटतो, पण तो फक्त झूम न केलेल्या टोकाचा. पुढे जाल तसा तो आकडा वाढत जातो: पी९०० मध्ये शेवटच्या टोकाला एफ ६.५, पी१००० मध्ये एफ ८. शिवाय एफचा आकडा वाढतो तसा विवर्तनाने (छिद्रातून जाताना प्रकाश वळल्याने) प्रकाशाचा बिंदू पसरतो. एफ ६.५ ला तो ठिपका जवळपास ९ मायक्रॉनचा होतो आणि पी९०० चा एक पिक्सेल असतो १.३ मायक्रॉनचा. त्यामुळे पूर्ण झूमवर १६ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये १६ मेगापिक्सेलचा तपशील कधीच नसतो. तरी वर म्हटलेल्या सव्वा मेगापिक्सेलपेक्षा तो पुष्कळ जास्त असतो, हेही तितकंच खरं.

मेगापिक्सेल किती बघू?

बघूच नका. आजच्या दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांत १६ ते २४ मेगापिक्सेल असतात आणि तेवढे भरपूर झाले.

हातात चांगला फोन आहे. मग यातला एकही कॅमेरा कशाला?

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि सुपरझूम घेणाऱ्याने तो स्वतःला नक्की विचारावा. आजच्या बऱ्याच महागड्या फोनचा मुख्य सेन्सर १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो. त्यावर फोन एकामागोमाग अनेक चित्रं घेऊन ती एकत्र करतो. त्यामुळे झूम न करता काढलेला निसर्गदृश्याचा किंवा घरातला फोटो फोनवर सुपरझूमपेक्षा सरस येऊ शकतो, रात्री तर हमखास. म्हणून सुपरझूम घ्यायचा तो फक्त झूमसाठी. महिन्यातून एकदाही २०० मिलिमीटरच्या पुढे जाणार नसाल तर पैसे वाचवा.

डीएसएलआरचं तसं नाही. त्याच्या मोठ्या सेन्सरला चांगली लेन्स मिळाली की फोनला न जमणाऱ्या गोष्टी होतात. मात्र 'चांगली लेन्स मिळाली की' हे शब्द दोनदा वाचा.

म्हणजे किट लेन्स पुरत नाही?

शिकायला पुरते. समाधान द्यायला पुरत नाही. १८-५५ ची किट लेन्स वाईट मुळीच नाही. हलकी असते, दिवसाउजेडी धारदार चित्र देते. पण ती लांबचं जवळ आणत नाही आणि ५५ मिलिमीटरला तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ पर्यंत येतं, म्हणजे अंधारातही तिची मजल थोडीच. ज्या दोन कारणांसाठी माणूस कॅमेरा घेतो, त्या दोन्ही ठिकाणी ती अर्ध्या वाटेत सोडते.

माझं ठाम मत असं: डीएसएलआर घ्यायचा असेल तर बॉडी आणि किट लेन्सवर सगळं बजेट संपवू नका. एका जास्तीच्या लेन्सचे पैसे आधीच बाजूला काढा. माणसांचे, घरातले, रंगमंचावरचे फोटो हवे असतील तर ५० मिलिमीटर एफ १.८ किंवा निकॉनसाठी ३५ मिलिमीटर एफ १.८. खेळ आणि पक्षी हवे असतील तर कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३००. 'पुढे कधीतरी घेऊ' म्हणून ठेवलेली लेन्स बहुतेक घरांत येतच नाही आणि डीएसएलआर किट लेन्ससकट कपाटात जातो. दुसरी लेन्स कधीच घेणार नाही याची खात्री असेल तर सुपरझूमच घ्या. तो तुम्ही जास्त वापराल.

५० मिलिमीटर एफ १.८ बद्दल एवढं का बोलतात?

एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ ला जवळपास दहा पट प्रकाश आत येतो. रंगमंचावरचा नाच घ्या. सुपरझूमचं अ‍ॅपर्चर त्या झूमवर एफ ४ धरलं, तरी सेन्सरचा आकार आणि अ‍ॅपर्चर मिळून ५० मिलिमीटर लावलेला डीएसएलआर साठेक पट प्रकाश गोळा करतो. सुपरझूमवर हात-पाय पुसट होतात, तिथे डीएसएलआरवर नर्तकीच्या बोटांची मुद्रा स्पष्ट उतरते. आणि कॅमेरा कंपन्यांच्या सगळ्या यादीत ही लेन्स सर्वात स्वस्त लेन्सांपैकी एक असते. डीएसएलआर घेण्यामागे दुसरं कोणतंही कारण नसलं, तरी हे एक पुरेसं आहे.

पार्श्वभूमी धूसर करायची आहे. सुपरझूमला ते जमतच नाही ना?

जमतं, पण वेगळ्या रीतीने. धूसरपणा लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असतो. पी९०० झूम न करता एफ २.८ वर असतो तेव्हा छिद्र जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं, म्हणून जवळच्या माणसाच्या मागची भिंतही स्वच्छ दिसते. पूर्ण झूमवर तेच छिद्र ५५ मिलिमीटरचं होतं. फांदीवरच्या पक्ष्याच्या मागची झाडी मग विरघळून जाते.

माणसाच्या बाबतीत अडचण अशी की तेवढा झूम करायचा तर खूप मागे जावं लागतं. खोलीत ते शक्य नाही, आणि मैदानात तुम्ही इतके दूर उभे राहता की बोलून त्याला हसवताही येत नाही. माणसांच्या फोटोंसाठी डीएसएलआर आणि ५० मिलिमीटर एवढंच उत्तर आहे.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. काय घेऊ?

बसलेले की उडणारे, हे आधी ठरवा. फरक जमीन-अस्मानाचा आहे.

बसलेल्या पक्ष्यांसाठी, ओळख पटवण्यासाठी आणि नोंदी ठेवण्यासाठी सुपरझूमसारखा सोबती नाही. मोठ्या झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या भुवईची रेघ, डोळ्याचा रंग, पायांचा रंग फोटोत दिसला की ओळखीचे वाद मिटतात. डीएसएलआरवर तेवढी पोहोच मिळवायची तर जी लेन्स लागते ती बॉडीच्या कित्येक पट महाग आणि जड असते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये.

उडणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र डीएसएलआर. त्याचा व्ह्यूफाइंडर आरशातून थेट समोरचं दृश्य दाखवतो, त्यात विलंब नसतो. सुपरझूमच्या छोट्या स्क्रीनवरचं चित्र किंचित मागे असतं आणि सलग फोटो काढताना अडखळतं. पक्षी पुढे निघून गेलेला असतो, तुम्ही मात्र तो होता तिथे बघत राहता. शिवाय डीएसएलआरचा फेज डिटेक्शन फोकस (लेन्स कुठे आणि किती न्यायची ते थेट मोजणारा) हलत्या गोष्टीच्या मागे धावू शकतो. कॅननच्या २०००डी मध्ये फोकसचे फक्त ९ बिंदू आहेत, निकॉनच्या डी३५०० मध्ये ११, तरी मधला एक बिंदू वापरून घिरट्या घालणारी घार मी याच दर्जाच्या कॅमेऱ्यावर समाधानाने टिपली आहे. सुपरझूम बहुतेक वेळा कॉन्ट्रास्ट बघून पुढे-मागे चाचपडत फोकस करतो. स्थिर गोष्टीवर तो अचूक लागतो, उडत्या पक्ष्यावर पुष्कळदा मागच्या ढगावर जाऊन बसतो.

आकड्यांत सीमा सांगायची तर ४०० मिलिमीटरपर्यंतच्या कामाला डीएसएलआर आणि ५५-२५०, आणि ८०० च्या पुढे सुपरझूम. मधल्या पट्ट्यात उजेड किती आहे त्यावर ठरतं.

चंद्राचा फोटो?

इथे सुपरझूमला तोड नाही. पी९०० २०१५ मध्ये आला तो चंद्रावर झूम करत जाणाऱ्या चित्रफितींमुळेच घराघरात माहीत झाला. त्याच्या पूर्ण झूमवर चंद्राच्या व्यासाला २३०० च्या आसपास पिक्सेल मिळतात. डीएसएलआरवर ३०० मिलिमीटरला सातशेच्या आसपासच मिळतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चंद्र रात्री दिसत असला तरी त्याच्यावर ऊन पडलेलं असतं. कॅमेरा आपोआप मोडवर ठेवलात तर काळं आकाश बघून तो फसू शकतो आणि चंद्राची पांढरी थाळी करून देतो. आयएसओ १०० आणि शटर १/१२५ सेकंदाच्या जवळपास ठेवून सुरुवात करा. आणि पौर्णिमेला काढू नका. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा चंद्र खरा खडबडीत दिसतो.

पूर्ण झूमवर फोटो हलतो. ट्रायपॉड लागेलच का?

जुना नियम असा: शटर एक भागिले फोकल लेंग्थ. २००० मिलिमीटरला १/२०००. पी९०० चा स्थिरीकरणाचा दावा ५ स्टॉपचा आहे, म्हणजे कागदावर १/६० पर्यंत चालायला हवं. माझा हात तेवढा स्थिर नाही, म्हणून मी १/२५० च्या खाली शक्यतो जात नाही. कोपर छातीला टेकवा, झाडाला किंवा भिंतीला टेका, श्वास सोडून शटर दाबा. चंद्रासाठी ट्रायपॉड घ्याच, आणि त्यावर लावल्यावर शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडा.

पूर्ण झूमवर चौकटीत फक्त एक अंशाचं आकाश मावतं. हात जरा हलला की पक्षी गायब. त्यासाठी बऱ्याच ब्रिज कॅमेऱ्यांना झूम क्षणभर मागे घेणारं बटण असतं. ते कुठे आहे ते न बघता सापडेपर्यंत सराव करा.

एवढं करूनही लांबचं दृश्य पाण्याखाली असल्यासारखं थरथरताना दिसलं, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा प्रकाश वाकवते. त्यावर कोणतीही लेन्स उपाय नाही, सकाळी लवकर जाणं हाच उपाय.

फुलं आणि किडे?

सुपरझूम इथे चकित करतो. बरेच ब्रिज कॅमेरे झूम न करता विषयाच्या अगदी एक सेंटीमीटर जवळ जाऊनही फोकस करतात, आणि छोट्या सेन्सरमुळे मुंगी डोक्यापासून शेपटापर्यंत स्पष्ट येते. किट लेन्सला साधारण पाव मीटर अंतर लागतं. फक्त लेन्सची सावली मुंगीवर पडू देऊ नका.

व्हिडिओसाठी कोणता?

चालत-फिरत, जवळ-लांब करत चित्रीकरण करायचं तर सुपरझूम. त्याचा मोटरवर चालणारा झूम आणि स्थिरीकरण सोयीचं पडतं. एंट्री-लेव्हल डीएसएलआर व्हिडिओत मागे पडले आहेत. २०००डी आणि डी३५०० दोन्ही फुल एचडीवरच थांबतात.

रॉ फाइल हवी का?

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. फोटोवर नंतर काम करणार असाल तर हवीच. प्रत्येक डीएसएलआरमध्ये ती मिळते. सुपरझूममध्ये तपासून घ्या: पी९०० मध्ये रॉ नाही, पी९५०, पी१००० आणि एसएक्स७० मध्ये आहे.

प्रवासात कोणता सोपा?

वजनाबद्दल लोकांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. डी३५०० ची बॉडी बॅटरीसकट ४१५ ग्रॅमच्या घरात आहे, म्हणजे किट लेन्ससह ती पी९०० पेक्षा हलकी भरते. पण डीएसएलआरची खरी अडचण बॅगेत दुसरी लेन्स आली की सुरू होते. धुळीत, पावसात, गर्दीत लेन्स बदलणं नकोसं होतं आणि माणूस बदलायचंच सोडून देतो.

बॅटरीत मात्र डीएसएलआर फार पुढे आहे. प्रमाणित चाचणीत डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो देतो, एसएक्स७० ३२५, आणि पी१००० फक्त २५०. सुपरझूम घेणाऱ्याने जास्तीच्या बॅटरीचा खर्च आधीच धरावा.

डीएसएलआरचे दिवस संपले म्हणतात. मग आता घेणं शहाणपणाचं आहे का?

नवे मॉडेल येणं जवळपास थांबलं आहे, हे खरं. सोनीने २०२१ मध्ये आपले डीएसएलआर बंद केले. निकॉनच्या डी३५०० नंतर, म्हणजे २०१८ नंतर, त्या मालिकेत काही आलं नाही. कॅनन आणि निकॉनचं सगळं लक्ष आता मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या पण लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांवर आहे.

पण घेतलेला कॅमेरा त्यामुळे फोटो काढायचं थांबवत नाही. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची खाच) १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. इतक्या वर्षांच्या लेन्सांचा साठा जुन्या बाजारात आहे आणि लोक मिररलेसकडे वळत असल्याने तो स्वस्तात मिळतो. म्हणून माझा सल्ला असा: नवा घ्यायचा असेल तर एंट्री-लेव्हल मिररलेस बघा, वर सांगितलेले सेन्सरचे सगळे फायदे त्यातही आहेत. खर्च कमी ठेवायचा असेल तर वापरलेला डीएसएलआर घ्या. नवाकोरा डीएसएलआर मात्र आता मी कोणाला सुचवत नाही. सुपरझूमला हा प्रश्न कमी लागू होतो, कारण त्याची लेन्स नाहीतरी बदलत नाही. निकॉनने तर २०२५ मध्ये पी११०० आणून तीच १२५ पट झूमची लेन्स पुढे चालू ठेवली.

दोन्हींच्या मधलं काही नाही का?

आहे. १ इंची सेन्सरचे ब्रिज कॅमेरे. हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, नेहमीच्या सुपरझूमच्या चौपट. पॅनासॉनिकचा एफझेड१००० २५ ते ४०० मिलिमीटर देतो, सोनीचा आरएक्स१० मार्क ४ २४ ते ६००, आणि दोघांचंही अ‍ॅपर्चर पूर्ण झूमवर एफ ४. संध्याकाळच्या उजेडातही ते टिकून राहतात. सोनीची किंमत एंट्री-लेव्हलच्या फार वर जाते. जुना एफझेड१००० चांगल्या स्थितीत मिळाला तर घरात एकच कॅमेरा ठेवणाऱ्यासाठी मी तो या दोन्हींच्या आधी सुचवेन.

फोटोग्राफी शिकायची आहे. त्यासाठी डीएसएलआरच लागतो असं ऐकलं.

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हाताने बदलायची सोय ब्रिज कॅमेऱ्यातही असते. पण अ‍ॅपर्चर एफ २.८ वरून एफ ८ वर नेल्यावर त्याच्या फोटोत फारसा फरक दिसत नाही, आणि फरक दिसला नाही की शिकणाऱ्याचं कुतूहल विझतं. डीएसएलआरवर तो फरक पहिल्याच फोटोत दिसतो. चौकट आणि प्रकाश बघायला शिकायचं असेल तर मात्र दोन्ही सारखे.

धूळ आणि बुरशीचं काय?

डीएसएलआरमध्ये लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते. ती हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) बहुतेक वेळा निघते. तोंडाने फुंकर कधीही मारू नका. सुपरझूम बंदिस्त दिसला तरी लांब होणारी नळी हवा आत ओढते, तिच्यासोबत धूळही येते, आणि आत गेलेली धूळ काढायला कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून वाळूत आणि वाऱ्यात झूम उगीच आत-बाहेर करू नका.

बुरशी दोघांनाही लागते. दमट हवेत कॅमेरा कातडी पिशवीत बंद करून ठेवणं सर्वात वाईट. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के दाखवणारा छोटा मीटर एवढं पुरतं. न वापरता महिनोन्‌महिने ठेवलेल्या लेन्सलाच बुरशी आधी गाठते.

वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासू?

डीएसएलआर असेल तर शटर किती वेळा पडलं ते बघा. निकॉनच्या फोटोफाइलमध्येच तो आकडा नोंदलेला असतो. कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश आरपार टाकून बुरशीचे जाळ्यासारखे धागे दिसतात का ते बघा. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच उघडे पडतात. निकॉनचे डी३५०० सारखे कॅमेरे आतल्या मोटरशिवाय येतात, त्यामुळे त्यांच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच आपोआप फोकस करतात. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त दिसली तरी फोकस हाताने करावा लागेल.

सुपरझूम असेल तर झूम शेवटपर्यंत नेऊन परत आणा, दहा-बारा वेळा. मोटर कण्हत असेल, नळी मध्येच अडकत असेल किंवा हलवल्यावर खुळखुळत असेल तर घेऊ नका. मग पूर्ण झूमवर लांबच्या पाटीवरची अक्षरं टिपा आणि तो फोटो घरच्या मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता कार्ड घरी न्यायला नाही म्हणत असेल तर स्वतःचं कार्ड घालून फोटो काढा.